प्रेअरीवरच्या खेड्यात पाय रोवताना

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतातील एका लहानशा गावातल्या वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात तुझी नेमणूक झाली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस तू तिथे पोचणार, हे वाचून आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. ज्या गावांत दरवर्षी एखाद्या घराला कायमचे कुलूप लागते, तिथे एक तरुण माणूस आपणहून राहायला जातो आहे, याचा आनंद. आणि ऑक्टोबरची अखेर म्हणजे हिवाळा दारात आलेला, तयारीला हाती जेमतेम दोन-तीन आठवडे, याची काळजी. थंडी सोसेल का, एवढेच तू विचारले आहेस. थंडीसाठी चांगले कपडे मिळतात आणि दोन हिवाळ्यांत शरीरालाही तिची सवय होते. या मुलखात माणसाची परीक्षा घेते ते अंतर. बावीस वर्षांपूर्वी मी इथे आले तेव्हा हे मला कोणी सांगितले नव्हते, म्हणून तुला सविस्तर लिहिते आहे.

प्रांताचे क्षेत्रफळ सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर आणि २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११ लाख ३२ हजार. त्यातलेही बरेच लोक सास्काटून आणि रेजायना या दोन शहरांत एकवटलेले. त्यामुळे गावापासून गाव लांब, शेजाऱ्यापासून शेजारी लांब, आणि दवाखाना, शाळा, किराणा दुकान यांपैकी काहीतरी नेहमी पुढच्या गावात असते. चाळीस किलोमीटरला इथले लोक जवळच म्हणतात आणि उन्हाळ्यात ते खरेही असते. जानेवारीत वारा सुटून रस्त्यावरून बर्फाचे लोट वाहू लागले की तेच चाळीस किलोमीटर कापायला दीड तास लागतो, आणि एखाद्या दिवशी ते कापताच येत नाहीत. घराबाहेर पडण्याआधी प्रांताच्या हायवे हॉटलाइनवर रस्त्याची स्थिती पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घे. रस्ता बंद आहे किंवा प्रवास टाळा असे तिथे म्हटले असेल, तर कामाची पाळी चुकली तरी चालेल, पण निघू नकोस. तसा फोन केल्याबद्दल तिथे कोणी तुला कामचुकार म्हणणार नाही, उलट न कळवता निघालेल्या माणसाचीच सगळ्यांना धास्ती असते.

या प्रेअरीची, म्हणजे गवताळ माळरानाची, आखणी कशी झाली ते आधी समजून घे, कारण तुझा पत्ताही त्या आखणीतूनच ठरणार आहे. १८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्याने वसाहतीला येणाऱ्या माणसाला दहा डॉलर शुल्कात १६० एकर जमीन मिळण्याची सोय केली आणि त्यासाठी सगळा मुलूख चौकोनांत मोजून काढला गेला. एक मैल लांब आणि एक मैल रुंद असा ६४० एकरांचा चौकोन म्हणजे सेक्शन, त्याचा चौथा हिस्सा म्हणजे क्वार्टर, आणि छत्तीस सेक्शनांची मिळून एक टाउनशिप. शेतकरी आजही आपली जमीन एकरांत न सांगता क्वार्टरमध्ये सांगतो. उत्तर-दक्षिण रस्ते मैलामैलावर आणि पूर्व-पश्चिम रस्ते दोन-दोन मैलांवर सोडलेले आहेत. यांतले बहुतेक खडीचे, आणि त्यांना ग्रिड रोड म्हणतात. उत्तरेकडे नाकासमोर जाणारा असा रस्ता कधीकधी एकाएकी आडवा वळतो, थोडा बाजूला सरकतो आणि पुन्हा सरळ निघतो. रेखावृत्ते उत्तरेकडे एकमेकांच्या जवळ येत जातात, त्यामुळे सारखे चौकोन जुळेनात, म्हणून मोजणीदारांनी दर चोवीस मैलांवर एक दुरुस्तीची रेषा ठेवली आणि ती चूक तिथे पोटात घेतली. रात्री, त्यातून बर्फ पडत असताना, हे वळण अनोळखी माणसाला दिसत नाही. आपल्या भागात अशी वळणे कुठे आहेत ते दिवसाउजेडी एकदा पाहून ठेव.

पत्त्याचे म्हणशील तर खेड्यातल्या बऱ्याच घरांना टपाल घरपोच येत नाही. पोस्टात आपली एक पेटी असते आणि तिचा क्रमांक हाच पत्ता म्हणून सगळीकडे लिहिला जातो. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी गावाबाहेरच्या एका शेतघरात वरच्या खोलीत राहत होते. एका पहाटे घरमालकीणबाई तळघराच्या जिन्यावरून पडल्या. मी ९११ हा आपत्कालीन क्रमांक लावला आणि पलीकडच्या बाई पत्ता विचारत असताना त्यांना पोस्टाच्या पेटीचा क्रमांक सांगत राहिले, कारण मला तेवढाच ठाऊक होता. शेवटी मालकीणबाईंनीच, पाय तसाच दुमडलेला असताना, दात आवळून जमिनीचा क्रमांक सांगितला: कोणता क्वार्टर, कोणता सेक्शन, टाउनशिप, रेंज (म्हणजे टाउनशिपांची कितवी उभी ओळ) आणि मोजणीच्या कितव्या मुख्य रेखावृत्ताच्या, म्हणजे मेरिडियनच्या, पश्चिमेला. रुग्णवाहिका वीस मिनिटांत आली. तू गावात राहणार असशील तर घरक्रमांक आणि रस्त्याचे नाव पुरेल; गावाबाहेर राहणार असशील तर ही सगळी ओळ, किंवा नगरपालिकेने दिलेला आपत्कालीन पत्ता, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराजवळ चिकटव आणि फोनमध्येही ठेव.

वैद्यकीय सोयींबद्दल तू विचारले नाहीस, बहुधा स्वतः त्याच कामासाठी येत असल्यामुळे. तरीही सांगते. लहान गावांतल्या रुग्णालयात आपत्कालीन विभाग चोवीस तास उघडा असेलच असे नाही. डॉक्टर किंवा परिचारिका कमी पडल्या की तो काही काळ बंदही राहतो. म्हणून आपल्याला सर्वांत जवळचे आणि त्यानंतरचे रुग्णालय कोणते, आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे आधीच माहीत असले पाहिजे. ८११ वर फोन केला की दिवसरात्र नोंदणीकृत परिचारिका बोलते आणि काय करावे ते सांगते. गंभीर अपघातात २०१२ पासून स्टार्स या सेवाभावी संस्थेची हेलिकॉप्टर रुग्णवाहिका येते. तिचा बराचसा खर्च लोकांच्या देणग्यांतून आणि सोडतींतून निघतो. आल्या आल्या सरकारी आरोग्यविम्याच्या कार्डाचा, म्हणजे आरोग्यपत्राचा, अर्ज करून टाक.

हे आरोग्यपत्र हातात घेशील तेव्हा त्याच्या मागची हकीकत तुला ठाऊक असावी असे मला वाटते. सर्वांसाठी सरकारी आरोग्यविमा ही गोष्ट कॅनडात प्रथम याच प्रांतात झाली. १९४६ मध्ये स्विफ्ट करंटच्या आसपासच्या गावांनी कर आणि वर्गणी एकत्र करून आपल्या विभागापुरती वैद्यकीय सेवेची योजना उभी केली. १९४७ पासून प्रांतभर रुग्णालयाचा विमा आला. आणि १ जुलै १९६२ रोजी डॉक्टरांच्या तपासणीसकट सगळी योजना सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला, तरीही ती टिकली. त्याआधी १९२० च्या दशकात याच शेतकऱ्यांनी गहू विकण्यासाठी आपला सहकारी संघ उभारला होता. एकट्याच्या बळावर डॉक्टरही ठेवता येत नाही आणि गव्हाला भावही मिळवता येत नाही, हे त्यांना अंतराने शिकवले होते. तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी तुझे रोजचे काम असणार. त्यांच्यापैकी काहींना १९६२ चा तो जुलै आठवत असेल. त्यांना विचार, आणि घाई न करता ऐक.

आता गाडी. गावागावांना जोडणारी प्रांताची सरकारी बससेवा १९४६ पासून चालत होती, ती मे २०१७ मध्ये बंद झाली, आणि पुढच्या वर्षी ग्रेहाउंड या खासगी बस कंपनीनेही पश्चिम कॅनडातून जवळपास सगळ्या फेऱ्या काढून घेतल्या. त्यामुळे गाडी नसणे म्हणजे दुसऱ्याच्या सोयीवर जगणे. परदेशी परवान्यावर इथे राहायला आल्यापासून ९० दिवस गाडी चालवता येते. तेवढ्यात लेखी परीक्षा आणि रस्त्यावरची चाचणी उरकायची असते. लहान गावांत परीक्षक ठरावीक दिवशीच येतो, म्हणून आल्याच्या पहिल्या आठवड्यातच वेळ मागून ठेव.

हिवाळी टायर घेण्याची सक्ती या प्रांतात नाही, तरी घे. सात अंशांच्या खाली साध्या टायरचे रबर कडक होऊन पकड सुटते. गाडी घेताना पुढच्या जाळीतून विजेच्या वायरीचे टोक लोंबत आहे ना, ते पाहा. ते ब्लॉक हीटरचे टोक. पारा उणे पंधराच्या खाली उतरू लागला की रात्री ते भिंतीतल्या प्लगला जोडायचे, म्हणजे सकाळी इंजिन सुरू होते. आणि निघताना ते काढायला विसरायचे नाही. उणे चाळीसला सेल्सियस आणि फॅरनहाइट एकाच आकड्यावर येतात, आणि तो आकडा तुला एखाद्या सकाळी खरोखर दिसेल. तापमानाबरोबर वाऱ्यामुळे जाणवणारी थंडीही हवामानखाते सांगते. ती उणे २८ ते ३९ असली तर उघड्या कातडीला दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. उणे चाळिसाच्या पुढे पाच-दहा मिनिटे पुरतात. कानाच्या पाळीची आणि गालाची जाणीव नाहीशी झाली, कातडी पांढरट किंवा मेणासारखी दिसू लागली, की आत ये. ती जागा चोळू नकोस, कोमट पाण्याने ऊब दे.

गाडीत कायम फावडे, घोंगडी, जाड मोजे, टॉर्च, खायला काहीतरी कोरडे, आणि एका पत्र्याच्या डब्यात जाड मेणबत्ती व काडेपेटी असू दे. गाडी अडकली तर एक नियम पाळ: गाडी सोडून चालत जाऊ नकोस. वाऱ्यात उडणाऱ्या बर्फात शंभर पावलांवरचे घरही दिसत नाही, आणि शोधायला निघालेल्यांना आधी गाडी सापडते. धूर जाणारा पाइप बर्फाने बुजला नाही ना, ते उतरून हाताने पाहा, कारण तो बुजला तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो. मग तासातून साधारण दहा मिनिटे इंजिन चालव, एक खिडकी बोटभर उघडी ठेव आणि वाट पाहा. संध्याकाळच्या सुमारास हरणे रस्त्यावर येतात, नोव्हेंबरमध्ये सर्वांत जास्त. समोर हरीण आले तर ब्रेक दाब, पण चाक फिरवू नकोस. हरणाला चुकवताना गाडी चरात उलटून मेलेली माणसे या रस्त्यांनी पाहिली आहेत.

हे पत्र लिहायला बसले ते पुढची गोष्ट सांगण्यासाठी. पहिल्याच डिसेंबरात माझी गाडी घसरून रस्त्याकडेच्या चरात गेली. मी फोनला रेंज शोधत होते तोच मैलभर लांबच्या शेतातून एक वयस्कर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. त्याने काही विचारले नाही. गुडघ्यांवर बसून गाडीखाली साखळी अडकवली, मला स्टिअरिंग सरळ धरायला खुणेने सांगितले आणि हलकेच ओढून गाडी वर घेतली. मग चाकांमधला बर्फ बुटाच्या टाचेने फोडून काढला. मी खाली उतरून वीस डॉलरची नोट पुढे केली. त्याने नोटेकडे पाहिले, काढलेला हातमोजा पुन्हा घातला, ‘जपून जा’ म्हणाला आणि ट्रॅक्टरवर चढला. मला वाटले, आपण व्यवस्थित वागलो. प्रत्यक्षात त्याने शेजारधर्म म्हणून केलेल्या कामाची मी मजुरी देऊ केली होती. त्यानंतर कित्येक महिने तो मला पोस्टात भेटे आणि मान हलवून पुढे जाई.

परक्या देशात आलेले आपण कोणाचे देणे लागू नये म्हणून फार जपतो. स्वाभिमान त्यात असतो, आणि आपण ओझे झालो असे कोणी म्हणू नये ही भीतीही असते. खेड्यात मात्र जो कोणाचे काहीच घेत नाही त्याच्याशी नाते कुठून जोडावे ते लोकांना कळत नाही. म्हणून मी तुला मनापासून सांगते, मदत घे. कोणी अंगणातला बर्फ काढून दिला, कोणी तळघरातून जुना कोट आणून दिला, कोणी शहरात निघताना ‘काही आणायचे आहे का’ म्हणून विचारले, तर नको म्हणू नकोस. फेड मात्र त्याच माणसाला, तेवढीच, लगेच करायला धावू नकोस. ती गावात कुठेही करता येते.

मला हे कळले ते सुगीनंतरच्या जेवणात. पीक घरात आले की गावोगावी सभागृहात टर्कीचे जेवण होते. त्याला इथे फाउल सपर म्हणतात. तिकीट असते, आसपासच्या गावांतून माणसे येतात, आणि उरलेले पैसे सभागृहाच्या छपराला किंवा रिंकला, म्हणजे बर्फावरच्या खेळांच्या मैदानाला, जातात. दुसऱ्या वर्षी मी जेवायला न बसता थेट स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायला उभी राहिले. अडीच तास पाण्यात हात. मध्येच तोच शेतकरी खरकट्या ताटल्यांची चळत घेऊन आला, माझ्या शेजारी ठेवली, पंचा उचलला आणि धुतलेली भांडी पुसू लागला. त्या रात्री त्याने पहिल्यांदा माझे नाव विचारले, आणि नीट उच्चारता येईपर्यंत तीनदा म्हणवून घेतले.

तुझ्या गावातही अशी कामे असतील. रिंकवरच्या कँटीनची पाळी, कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या सामन्यांच्या दिवशी कॉफी, वाचनालयात आठवड्यातून दोन तास, अग्निशामक दलातली नोंदणी. लहान गावांत आग विझवायला जाणारे बहुतेक लोक स्वयंसेवकच असतात. कोणी बोलावण्याची वाट पाहू नकोस. इथले लोक संकोची आहेत, नव्या माणसाला त्रास नको म्हणून विचारत नाहीत, आणि नव्या माणसाला वाटते की आपण कोणाला नको आहोत. अशी दोन्हीकडून वाट पाहण्यात वर्ष जाते. कर्लिंग येत नसेल तरी शिकायला जा. दर संघात चार माणसे लागतात आणि चौथे माणूस नेहमी कमी असते.

खडीच्या रस्त्यावर समोरून येणारा चालक स्टिअरिंगवरून एक बोट किंवा दोन बोटे उचलतो. तो नमस्कार आहे. तूही बोट उचल. तीन-चार महिन्यांत लोक तुला तुझ्या गाडीवरून ओळखतील, आणि दोन दिवस गाडी हलली नाही तर कोणीतरी दार वाजवेल. सुरुवातीला ही पाळत वाटते. मलाही जाच वाटायचा. वृद्ध घरमालकीणबाईंच्या धुराड्यातून धूर दिसतो का, हे मैलभरावरचे शेजारी रोज सकाळी पाहत, हे कळल्यावर माझे मत बदलले.

पाण्याबद्दल निष्काळजी राहू नकोस. गावाच्या नळाचे पाणी असेल तर पाणी उकळण्याच्या सूचना कुठे लागतात ते विचारून ठेव. घराला स्वतःची विहीर असेल तर तिची तपासणी सरकार करत नाही, ती मालकाची जबाबदारी असते. मे २००० मध्ये ऑन्टेरिओतल्या वॉकरटन गावात जोराच्या पावसानंतर शेतातले शेण गावाच्या विहिरीत झिरपले, सात माणसे दगावली आणि दोन हजारांहून अधिक आजारी पडली. पुढच्याच वर्षी याच प्रांतातल्या नॉर्थ बॅटलफर्डमध्ये पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम या जंतूची साथ पसरली. म्हणून भाड्याने घर घेताना शेवटची पाणीतपासणी कधी झाली ते विचार आणि कागद पाहायला माग. जंतू उकळल्याने मरतात, पण नायट्रेट, आर्सेनिक किंवा युरेनियम उकळून जात नाहीत, पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढतेच. आणि नायट्रेट तान्ह्या मुलांना घातक असते. सांडपाणी सेप्टिक टाकीत जात असेल तर तेल आणि पुसायचे ओले कागद त्यात टाकू नकोस, आणि हिवाळ्यात त्या पाइपावरून गाडी नेऊ नकोस, कारण दाबलेल्या बर्फातून गोठण खोल उतरते. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा असे दोन्ही इशारायंत्र चालू आहेत का, ते पहिल्याच रात्री बटण दाबून पाहा.

शेतात पाय ठेवण्याआधी विचारावे लागते. १ जानेवारी २०२२ पासून या प्रांतात कोणाच्याही शेतजमिनीवर जाण्यासाठी आधी परवानगी घेणे कायद्याने बंधनकारक आहे, पाटी लावलेली असो वा नसो. यात केवळ मालकीचा हट्ट नाही. बुटाच्या आणि चाकाच्या मातीतून क्लबरूटसारखा रोग कॅनोला या तेलबियांच्या एका शेतातून दुसऱ्यात जातो आणि मग वर्षानुवर्षे जात नाही. विचारलेस तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. धान्याच्या पोलादी कोठारात मात्र कोणी हौसेने बोलावले तरी उतरू नकोस. खालून धान्य वाहत असेल तर मोठा माणूससुद्धा काही सेकंदांत अडकतो. मे महिन्यात पेरणी आणि ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत कापणी, या काळात शेतकऱ्याकडे वेळ मागू नये. रस्त्यावर मागे नारिंगी त्रिकोण लावलेले यंत्र दिसले की वेग कमी कर आणि ते डावीकडे वळणार नाही याची खात्री झाल्याशिवाय पुढे काढू नकोस. एखाद्या सप्टेंबरच्या रात्री मात्र कोणी कापणी-मळणीच्या यंत्रात, म्हणजे कम्बाइनमध्ये, शेजारच्या आसनावर बसायला बोलावले, तर जरूर जा. दिव्यांच्या झोतात मसुराचे पीक आत ओढले जाताना आणि धूळ सोन्यासारखी वर उठताना पाहून मला जे वाटले ते मी आजवर कोणाला नीट सांगू शकलेले नाही. ही मसूर इथे १९७० च्या दशकापूर्वी फारशी नव्हती. सास्काटूनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी तिची या हवेला मानवणारी वाणे तयार केली आणि आज जगभर ती इथून जाते.

एक गोष्ट गावात तुला सहसा कोणी आपणहून सांगणार नाही. वसाहतीला आलेल्यांनी ओसाड जमीन कसली, ही हकीकत तू अनेकदा ऐकशील, आणि त्यांचे कष्ट खरेच होते. पण जमीन ओसाड नव्हती. दक्षिणेकडचा मोठा भाग १८७४ च्या चौथ्या तहाखाली येतो आणि मध्यभाग १८७६ च्या सहाव्या तहाखाली. ते करार क्री, सोटो, असिनिबॉइन अशा मूळ राष्ट्रांनी राजसत्तेशी केले होते आणि ते आजही लागू आहेत. त्यांच्या मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवले गेले, आणि या प्रांतातली अशी शेवटची शाळा १९९६ मध्ये बंद झाली. तुझ्या केंद्रात त्या शाळांतून गेलेली माणसे असतील. अंघोळीच्या वेळी, दार बंद होताना, ठरावीक आवाजाने कोणी दचकले तर त्याला हट्टी म्हणू नकोस. मूळ राष्ट्रांच्या शेजारच्या राखीव वस्तीबद्दल कोणी तुला हलके बोलून दाखवील. तू नवखा माणूस, तुला आपल्या बाजूचे करून घेण्याचा तो एक प्रकार असतो. त्यात सामील होऊ नकोस.

तुझ्याबद्दलही कधी कोणी बोलेल. बहुतेक प्रश्न निखळ कुतूहलाचे असतात, आणि एकच प्रश्न विसाव्यांदा आला तरी विचारणाऱ्याची ती पहिलीच वेळ असते, हे ध्यानात ठेवून उत्तर दिलेस तर थकवा कमी येईल. अपमान मात्र गिळू नकोस. कामाच्या जागी तसे घडले तर तारीख, वेळ आणि शब्द लिहून ठेव आणि लेखी कळव. नोकरी मिळवून देण्यासाठी कामगाराकडून पैसे घेणे या प्रांतात बेकायदेशीर आहे, पासपोर्ट कोणालाही काढून घेता येत नाही, आणि एकाच मालकाशी बांधलेल्या कामाच्या परवान्यावर छळ होत असेल तर जून २०१९ पासून कोणाकडेही काम करू देणाऱ्या खुल्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. खेड्यात कामाचा मालक, घराचा मालक आणि कामावर नेणारा माणूस कधीकधी एकच असतो. म्हणून होता होईल तो घर वेगळ्या माणसाकडून घे आणि दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेव.

डिसेंबरात दिवस आठ तासांहूनही लहान होतो. कामाला जाताना अंधार, परतताना अंधार. जानेवारीच्या मध्यावर एक आठवडा असा येतो की आपण इथे का आलो याचे उत्तर सापडत नाही. मला तो तीन वर्षे सलग आला. त्या आठवड्यात कोणताही मोठा निर्णय घेऊ नकोस, परतीचे तिकीटही काढू नकोस आणि कोणाशी भांडूही नकोस. या मुलखात थंडी जितकी कडक तितके आकाश स्वच्छ असते, तेव्हा दुपारी अर्धा तास का होईना उन्हात चाल, अंग पूर्ण झाकून. घरी फोन करताना सगळे छान आहे असे सांगून ठेवू नकोस. एकदा तसे सांगितले की पुढे खरे सांगायला वाट उरत नाही. आणि मला लिही, चार ओळी का असेनात.

तुझ्या विमानाच्या वेळा कळल्या की कळव. मी रेजायनापर्यंत गाडी घेऊन येईन आणि तुला गावी सोडीन. मला तीन तास जायला, तीन तास यायला लागतील, आणि पेट्रोलचे पैसे द्यायचे मनातही आणू नकोस. येताना जाड बूट आणू नकोस, तिकडचे इथे टिकत नाहीत, ते आपण वाटेत घेऊ. फावडे मी माझ्याकडचे आणते आहे.

तुझी मावशी